राखीव पत्ती

सॅक्सोफोन हे वाद्य पाहणाऱ्याला चकवते. त्याचे अंग पितळेचे, मान बाकदार, तोंड धोत्र्याच्या फुलासारखे उमललेले आणि अंगभर चाव्यांचे जाळे. लग्नाच्या वरातीत ते बिगुलांच्या रांगेत चालत असते; म्हणून तेही त्यांच्याच जातीचे असावे, असा समज सहज होतो. परंतु वाद्याचे कुळ त्याच्या अंगावरून ठरत नाही, गळ्यावरून ठरते. बिगुलात वाजवणाऱ्याचे ओठ थरथरतात आणि त्यातून नाद निर्माण होतो. सॅक्सोफोनमध्ये ओठ नुसते आधार देतात; थरथरते ती गवताच्या दांड्यातून कापून काढलेली एक पातळ पट्टी. या एका पट्टीमुळे पितळेचा हा पुतळा सनईचा आणि क्लॅरोनेटचा सगोत्र ठरतो. बँडमधील मंडळी या पट्टीला रीड म्हणतात, सनईवाले आपल्या वाद्यापुरती तिला पत्ती म्हणतात. पत्ती हा शब्द अधिक जवळचा आहे. तोच येथे चालवू.

ही पत्ती असते तरी केवढी? मध्यम आकाराच्या सॅक्सोफोनची पत्ती सुमारे सात सेंटिमीटर लांब आणि टोकाशी दीड सेंटिमीटर रुंद असते. बुडाशी ती चांगली जाड असते. तेथून तिला उतार देत देत टोकाशी इतके पातळ केलेले असते की, तिची जाडी मिलिमीटरच्या जेमतेम एक दशांश उरते. ती माउथपीसच्या सपाट बाजूवर पकडीने बांधतात. वादकाने फुंकर घातली की तिचे टोक उघडझाप करू लागते. सेकंदाला ४४० आंदोलने असलेला स्वर लावला, तर ते टोक सेकंदाला ४४० वेळा हलते; म्हणजे एका मिनिटात २६,४०० वेळा. दहा मिनिटांच्या वादनात अडीच लाखांहून अधिक वेळा वाकून पुन्हा सरळ होण्याचे काम त्या गवताच्या तंतूंना करावे लागते. हे काम करण्याची सवय त्यांना जन्मतः नसते. ती लावावी लागते, आणि ती कशी लावावी हाच आजचा विषय आहे.

नव्याची नवलाई नऊ दिवस, असे आपण म्हणतो. पत्तीच्या बाबतीत ही म्हण उलटी लागू पडते. पहिले नऊ दिवस तिच्यात नवलाई कसली, नुसती नाठाळपणाची लक्षणे दिसतात. डबीतून काढलेली कोरी पत्ती कधी ताठ राहते, कधी किंचाळते. आज गोड बोलली तर उद्या गळा धरते. उतावळा वादक तिला पहिल्याच दिवशी दोन तास दामटतो. ती त्या दोन तासांत फार सुंदर बोलते. इतकी की आपल्याला उत्तम पत्ती मिळाली, या आनंदात तो झोपी जातो. दुसऱ्या दिवशी तीच पत्ती फुसकी झालेली असते. तिच्यातली लवचीक उसळी गेलेली असते आणि ती परत आणण्याचा कोणताही उपाय नसतो. कोल्हापुरी वहाण नवी असताना पायाला चावते, म्हणून शहाणा मनुष्य ती तेल देऊन, घरातल्या घरात चार पावले चालून मऊ करतो. नवी वहाण घालून कोणी पंढरीच्या वाटेला लागत नाही. पत्तीचा न्याय याहून निराळा नाही.

पत्ती अशी का वागते, हे समजण्यासाठी तिच्या माहेरी जायला हवे. सॅक्सोफोनचा जनक आदोल्फ साक्स हा बेल्जियममधील दिनाँ गावचा. त्याचा जन्म १८१४ चा. पॅरिसमध्ये येऊन त्याने हे वाद्य सिद्ध केले आणि १८४६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. वाद्य नवे होते, पण पत्ती जुनीच होती. क्लॅरोनेटसाठी जे गवत वापरात होते तेच त्याने घेतले. वनस्पतिशास्त्रात त्याला अरुंडो डोनॅक्स म्हणतात. आपल्याकडील नळ, बोरू, बांबू ज्या तृणकुलातले, त्याच कुलातले हे. फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठच्या वार प्रांतात होणाऱ्या या गवताची ख्याती मोठी आहे. तेथे दुसऱ्या वर्षाचा जून दांडा हिवाळ्यात तोडतात, उन्हात सोनेरी रंग चढेपर्यंत वाळवतात आणि पुढे दीर्घकाळ मुरू देतात. त्यानंतर त्याच्या नळ्या कापून, उभ्या चिरून, तासून पत्त्या बनतात. पॅरिसच्या ऑपेरातील एका क्लॅरोनेटवादकाने १९०५ मध्ये काढलेला व्हॅनडोरेन हा कारखाना आज जगभर पत्त्या पुरवतो.

एकाच डबीतल्या दहा पत्त्या यंत्राने अगदी एका मापाने कापलेल्या असतात, तरीही त्या दहा तऱ्हांनी वाजतात. कारण यंत्र एक असले तरी गवत एक नसते. एका दांड्याने ऊन अधिक खाल्लेले असते, दुसऱ्याने वारा. पत्तीवर २, २.५, ३ असे जे आकडे छापतात ते तिच्या जाडीचे नसतात. कापून झालेली पत्ती किती वाकते हे मोजून, तिच्या ताठपणावरून तो आकडा ठरतो. बोरूने लिहिणाऱ्या जुन्या कारकुनांना ही गोष्ट सांगावी लागली नसती. एकाच चाकूने छाटलेल्या दोन बोरूंची अक्षरे सारखी उतरत नाहीत आणि नव्याने छाटलेला बोरू पहिल्या चार ओळी शाई धरत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

पत्तीच्या पोटात उभे, चिवट तंतू असतात आणि त्यांच्या भोवती स्पंजासारखा मऊ गर असतो. कोरडी पत्ती ओली झाली की हा गर पाणी पितो आणि फुगतो. वाळली की आक्रसतो. कोऱ्या पत्तीत हे फुगणे सर्वत्र सारखे होत नाही. टोकाला वळ्या पडतात, पाठ किंचित बाक घेते आणि जी बाजू माउथपीसवर आरशासारखी चिकटून बसायला हवी, ती एखाद्या कोपऱ्यात उचलली जाते. तेवढ्या फटीतून वारा निसटला की सुराऐवजी किंचाळी उठते. पत्ती ओली करून वाळवण्याचा हा फेरा काही वेळा सावकाश झाला की तिचे फुगणे-आक्रसणे ठरावीक मर्यादेत येऊन स्थिरावते, असा वादकांचा अनुभव आहे. पत्ती रुळवणे म्हणजे मुख्यतः हेच. ती वाजवून रुळत नाही. थोडी वाजवून आणि पुष्कळ विसावा देऊन रुळते.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. सावध वादक एका वेळी एक पत्ती घेत नाही, निदान चार घेतो. प्रत्येकीच्या बुडावर पेन्सिलीने क्रमांक आणि तारीख घालतो. पेल्यात स्वच्छ, कोमट पाणी घेऊन पत्ती दोन्ही टोकांकडून मिनिट-दोन मिनिटे भिजवतो. पुष्कळ जण पत्ती नुसती तोंडात धरून ओली करतात. परंतु लाळेत अन्न पचवणारी द्रव्ये असतात आणि ती गवतालाही हळूहळू खातात, म्हणून पहिल्या दिवसांत पाणीच बरे. टोकावरच्या वळ्या जाऊन ते सपाट झाले की पत्ती तयार झाली, असे समजावे. त्याहून अधिक भिजवली, तर ती पाण्याने जड होते आणि बोलत नाही.

मग पत्ती काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून तिच्या उतारावरून अंगठा बुडाकडून टोकाकडे, एकाच दिशेने, हलक्या दाबाने काही वेळ फिरवतात. याने पृष्ठभागावरची उघडी छिद्रे दबतात आणि पाणी आत शिरण्याचा वेग कमी होतो, असे मानतात. उलट्या दिशेने अंगठा फिरवला तर पातळ टोक मोडते. ती चूक एकदाच होते. त्यानंतर पत्ती माउथपीसवर बांधायची. समोरून पाहिले असता पत्तीच्या टोकावर माउथपीसची काळी कड केसाएवढी दिसावी. पत्ती त्यापुढे सरली तर जड होते, फार मागे राहिली तर चिरकते.

पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरेत. मधल्या सप्तकातले लांब स्वर, मध्यम आवाजात. ना तारसप्तक, ना जोर. पाच मिनिटे झाली की पत्ती आवडो वा न आवडो, उतरवायची. आवडली असेल तेव्हाच ती उतरवणे अवघड जाते आणि तेव्हाच ते अधिक आवश्यक असते. ती साध्या पाण्याने धुवायची, बोटांनी पुसायची आणि काचेवर पाठ टेकवून ठेवायची. माउथपीसवर बांधलेली पत्ती तशीच पेटीत बंद करणे म्हणजे तिला बाक आणणे आणि बुरशीला आमंत्रण देणे. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे, तिसऱ्या दिवशी पंधरा. असे करत आठवड्याभरात ती अर्ध्या तासापर्यंत येते. तोपर्यंत तिच्यावर अंतिम निकाल द्यायचा नाही. पहिल्या दिवशी ताठ वाटलेली पत्ती पाचव्या दिवशी सर्वांत गोड निघते, असे अनेकदा घडते.

निकाल देण्याची वेळ आली की डागडुजी सुरू होते. माउथपीस तोंडात किंचित तिरपा धरून पत्तीची एक बाजू ओठाने दाबून टाकायची आणि दुसरी एकटीच बोलू द्यायची, मग उलट. जी बाजू जड बोलेल तिच्यावरून अत्यंत बारीक पॉलिश पेपरचे दोन-तीन हलके हात फिरवायचे, पुन्हा वाजवून पाहायचे. पाठ उचलली गेली असेल तर ती काचेवर ठेवलेल्या बारीक कागदावर घासून सपाट करायची. पत्ती मऊ पडली असेल तर तिचे टोक कणभर छाटण्याची छोटी कात्री मिळते. या सर्व कामांत एक नियम आहे. खरवडलेले परत चिकटत नाही. म्हणून आज थोडे खरवडावे आणि उद्या पाहावे. सरकारी दप्तरात काही प्रकरणे एक रात्र उशाशी ठेवली की आपोआप सुटतात. काही पत्त्यांचेही तसेच असते.

हा सारा खटाटोप व्यर्थ आहे, असे म्हणणारेही वादक आहेत. ते डबी फोडतात, पत्ती ओली करतात आणि थेट मैफिलीला बसतात. त्यांचे म्हणणे असे की, चांगली पत्ती पहिल्या फुंकरीलाच ओळखू येते. वाईट पत्ती महिनाभर कुरवाळली तरी वाईटच राहते, आणि पत्ती रुळते ती खरे तर वाजवणाऱ्याच्या ओठांशी, स्वतःत नव्हे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. वादकाचे ओठही त्या आठवड्यात पत्तीला रुळत असतात, आणि मुळात हिणकस गवताला कोणतीही तपश्चर्या तारत नाही. परंतु या मंडळींनाही एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. ऐन मैफिलीत ती एकुलती पत्ती चिरली तर पुढे काय? रुळवण्याचा खरा लाभ येथे दिसतो. त्याने एक पत्ती उत्तम होते की नाही यावर वाद होऊ शकेल. पण त्याने एकीऐवजी चार पत्त्या हाताशी राहतात यावर वाद नाही.

आपल्या सनईवाल्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून उमगलेली आहे. सनई जवळून पाहिलेल्या प्रत्येकाने तिच्या गळ्याशी दोऱ्याने लोंबणाऱ्या लहान लहान पत्त्या पाहिल्या असतील आणि त्यांच्यासोबत पत्तीचे तोंड सारखे करणारी एक सळईही. अजाण मुलांना तो अलंकार वाटतो. वस्तुतः ती राखीव फौज आहे. सनईची पत्ती दुहेरी. दोन पाती एकमेकींवर मिटणारी. ती सॅक्सोफोनच्या पत्तीहून नाजूक. देवळाच्या नगारखान्यात पहाटे सनई वाजायची तर पत्ती रुसली म्हणून देव उठवणे थांबवता येत नाही. म्हणून दोऱ्यावरची प्रत्येक पत्ती आधी वाजवून पाहिलेली, मुरलेली आणि बोलावल्याबरोबर हजर होणारी असावी लागते. बिस्मिल्ला खाँ यांचा जन्म १९१६ मध्ये बिहारातील डुमराव येथे झाला. सनईच्या पत्तीसाठी लागणारे नरकट नावाचे गवत त्या भागातच मिळते, हे तेथील लोक अभिमानाने सांगतात. पत्तीचे गवत आणि पत्तीचा बादशहा एकाच मातीतले, हा योग सुंदर खरा.

सॅक्सोफोन आपल्याकडे लष्करी बँड, संस्थानिकांचे बँड आणि मुंबई-कलकत्त्याची हॉटेले यांच्या मार्गाने आला. गोव्यातील वादकांनी तो मुंबईत रुजवला. मनोहारी सिंग (१९३१–२०१०) यांनी तो हिंदी चित्रपटसंगीतात घरोघर पोहोचवला; 'आराधना' (१९६९) मधील त्यांचे वादन आजही लोकांच्या कानांत आहे. मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी तर कर्नाटक संगीताची गमके या परदेशी वाद्यातून काढून दाखवली. त्यांचे वडील नागस्वरवादक. सॅक्सोफोन त्यांनी प्रथम ऐकला तो म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये. गमक असो वा मींड, ओठाचा दाब किंचित वाढवून वा सैल सोडून स्वर वाकवावा लागतो. तो वाकलेला स्वर नेमक्या जागी परत आणायचा तर पत्तीने वाकून पुन्हा तेथेच यायला हवे. न रुळलेली पत्ती वाकते, पण परतताना वाट चुकते. म्हणजे आपल्या संगीताला पत्तीची मशागत पाश्चात्त्य संगीताहून कमी नव्हे, अधिकच लागते.

या मशागतीची खरी परीक्षा घेते ती हवा. मुंबईच्या दमट हवेत रुळलेली पत्ती दुसऱ्या हवेत नेली की जणू ओळख विसरते. याचे उदाहरण घ्यायचे तर मराठी माणसाला जिव्हाळ्याचे असे एक ठिकाण घेऊ. दिल्लीपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर, राष्ट्रीय राजधानी प्रदेशातच मोडणारे पानिपत. आणि पानिपत शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर असलेले काला अंब. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामाची ही भूमी. येथे आंब्याचे एक झाड होते आणि रक्ताने ते काळे पडले, अशी आख्यायिका आहे. झाड आता नाही. त्याच्या जागी स्मारकाचा स्तंभ उभा आहे. दरवर्षी १४ जानेवारीला येथे लोक जमतात. महाराष्ट्रातून माणसे येतात आणि हरियाणातील रोड समाजातील, स्वतःला पानिपतच्या मराठ्यांचे वंशज मानणारी कुटुंबेही मोठ्या संख्येने येतात.

अशा प्रसंगी मुंबईहून एखाद्या सॅक्सोफोनवादकाने तेथे जाऊन वाजवायचे ठरवले, तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असेल? जानेवारीची पहाट, पारा पाच-सात अंशांवर, शेतांवर दाट धुके. धुक्यात हवा ओलीचिंब. पण रात्री ज्या खोलीत तो झोपला तेथे शेगडी वा हीटर लावलेला असल्याने हवा पार कोरडी. एका रात्रीत पत्ती आधी आक्रसते, मग फुगते. शिवाय थंडीत वाद्यातील हवेचा स्तंभ थंड होतो, ध्वनीचा वेग कमी होतो आणि वाद्याचा सूर उतरतो. वादक तो ओठाच्या दाबाने वर ढकलू पाहतो आणि आधीच बिथरलेल्या पत्तीचा गळा आवळतो. मग जी किंचाळी निघते ती त्या शांत माळावर लांबवर ऐकू जाते.

शहाणा वादक काय करील? तो मुंबईहून निघण्यापूर्वी निदान दोन आठवडे चार-सहा पत्त्या रुळवील. त्यांतील एक-दोन नेहमीपेक्षा अर्ध्या आकड्याने मऊ घेईल. पत्त्यांची सपाट डबी सामानात न टाकता अंगावरच्या आतल्या खिशात ठेवील, म्हणजे त्यांना अंगाची ऊब मिळेल. शक्य तर दोन दिवस आधी पोहोचून प्रत्येक पत्ती त्या हवेत दहा-दहा मिनिटे वाजवील. डबीत ओलावा बेताचा, म्हणजे पन्नास-साठ टक्क्यांच्या आसपास राहील अशी व्यवस्था करील. पहाटे वाजवण्यापूर्वी वाद्यात नुसती फुंकर घालून ते आधी गरम करील, पत्ती कोमट पाण्यात भिजवील आणि मगच पहिला स्वर लावील. आणि एवढे करूनही पहिली पत्ती रुसली, तर दुसरी त्याच्या खिशात ऊबदार, ओळखीची, तयार असेल.

काला अंबच्या माळावर राखीव या शब्दाचा अर्थ कोणाला निराळा समजावून सांगावा लागत नाही. पौष शुद्ध अष्टमीच्या त्या बुधवारी सकाळपासून मराठी फौज लढली ती दोन-अडीच महिन्यांची कोंडी आणि उपासमार सोसून. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि पलटणींनी सकाळच्या प्रहरात समोरची फळी खिळखिळी केली. दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे झुकलेले होते. मग अब्दालीने मागे राखून ठेवलेले ताजे सैन्य पुढे काढले. सदाशिवरावभाऊंपाशी त्याला उत्तर द्यायला ताजी तुकडी उरलेली नव्हती. विश्वासराव पडले आणि पुढचे सारे आपल्या भाषेतच उतरले. 'विश्वास पानिपतात गेला' असे आपण आजही म्हणतो. त्या शोकांतिकेची आणि गवताच्या पट्टीची तुलना करणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास होईल. ती येथे करायची नाही. पण युद्ध असो, राज्यकारभार असो वा वादन, एक गोष्ट समान आहे. ऐन वेळी जे कामी येते ते ऐन वेळी निर्माण करता येत नाही. शौर्य त्या दिवशी कमी पडले नव्हते. पहिल्या पत्तीत गुण नसतो म्हणून मैफल मोडते असे क्वचित घडते. ती थकते तेव्हा दुसरी तयार नसते म्हणून मोडते.

महाराष्ट्रातील बँडपथकांत सॅक्सोफोन आणि क्लॅरोनेट वाजवणाऱ्या साध्या कलावंताकडे पाहिले की या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. त्याचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. तिथी दाट असली की दिवसाला दोन वराती, उन्हात आणि धुळीत. पैसे जपून खर्चायचे, म्हणून तो पत्ती एकेकटी विकत घेतो, दुकानातून थेट वरातीत नेतो आणि ती मोडेपर्यंत तिच्यावरच वाजवतो. अशी पत्ती फार तर काही दिवस टिकते. त्याने चार पत्त्या एकदम घेऊन आळीपाळीने वाजवल्या असत्या, तर त्या चौघी मिळून एकेकट्या घेतलेल्या चार पत्त्यांपेक्षा पुष्कळ अधिक दिवस टिकल्या असत्या; कारण प्रत्येकीला वाजल्यानंतर पुरते वाळायला अवधी मिळाला असता. ही काटकसर त्याला कळत नाही असे नाही. चार पत्त्यांचे पैसे एका वेळी हातात नसतात, हे खरे कारण. गरिबाला प्रत्येक वस्तू महाग पडते ती याच हिशोबाने.

तरीही त्याच्यापाशी एक भांडवल असते, ते म्हणजे चातुर्मास. लग्ने नाहीत, वराती नाहीत. गणेशोत्सव आणि नवरात्र सोडले तर बराच काळ मोकळा. पावसाळ्यात हवा दमट, पत्तीला बुरशी लवकर धरते; परंतु आश्विनात पाऊस ओसरून ऊन पडू लागले की पत्ती रुळवायला त्याहून चांगला काळ नाही. दिवाळीपूर्वीचे ते पंधरा दिवस रोज अर्धा तास चार पत्त्यांना दिला, तर हंगामाच्या पहिल्या वरातीत तो चार तयार साथीदार घेऊन उतरतो. ज्या पथकप्रमुखांना आपल्या वादकांची कदर आहे त्यांनी दिवाळीची ओवाळणी म्हणून पत्त्यांची एक डबी दिली, तर तिचे मोल वर्षभर वसूल होईल.

आज कृत्रिम पत्त्या मिळतात. त्या भिजवाव्या लागत नाहीत, रुळवाव्या लागत नाहीत, हवेने बिघडत नाहीत. धुक्यात वा धुळीत वाजवणाऱ्याने तशी एक जवळ ठेवावी, यात कमीपणा नाही. त्याच्याही पुढे जाऊन, पत्ती लागतच नाही अशी विजेवर चालणारी वाद्ये आणि ध्वनिवर्धकांच्या भिंती वरातीत शिरल्या आहेत. त्यांना भूक नाही, थंडी नाही, रुसवा नाही. त्यांच्याशी सामना करायचा तर पत्तीवाल्याने आवाजाच्या जोरावर करून चालणार नाही. तेथे तो हरणारच. त्याचे बळ आहे ते गवताच्या त्या तंतूंतून येणाऱ्या, माणसाच्या श्वासाने थरथरणाऱ्या स्वरात. तो स्वर स्वच्छ लागला तर गर्दीतला माणूस क्षणभर थांबतो. तो किंचाळला तर माणूस हसतो आणि पुढल्या लग्नाला डीजे ठरवतो. पत्ती रुळवण्याचा प्रश्न एवढा साधा आणि एवढा पोटाशी निगडित आहे.

म्हणून नव्या शिष्याला सॅक्सोफोन हाती देताना पहिला पाठ स्वरांचा नसावा, तो चार पत्त्यांचा असावा. त्यांवर क्रमांक घालायला, त्यांना पाणी द्यायला, पाच मिनिटांनी थांबायला त्याला शिकवावे. थांबणे त्याला जड जाईल. सूर नुकताच लागलेला असेल आणि गुरूने पत्ती उतरव म्हटले की त्याचे तोंड पडेल. पडू द्यावे. चौथ्या-पाचव्या दिवशी तोच मुलगा न सांगता पत्ती उतरवील, धुवील, काचेवर पाठ टेकवून ठेवील आणि डबीतली दुसरी उचलील. त्या दिवशी पत्तीबरोबर वादकही रुळू लागला, असे खुशाल समजावे.